महातीळ, जन्मजात : शस्त्रक्रियेचा इतिहास

जन्मतःच असलेला व प्रौढपणी २० सेंमी. वा अधिक व्यासाचा होईल असा तीळ म्हणजे जन्मजात महातीळ. सुमारे २०,००० अर्भकांत एकास तो आढळतो. पाठ व नितंब यांवर पसरलेला, काळपट व केसाळ तीळ हा नेहमीचा प्रकार होय. मेलॅनीन निर्माण करणाऱ्या कोशिकांच्या संचयाने तो बनतो. या कोशिका त्वचेखालील वसेपर्यंत खोल गेलेल्या असतात.

तीळ कापण्यापेक्षा उघडी पडलेली जागा झाकणे हाच शस्त्रवैद्यांपुढील मोठा प्रश्न होता. रेव्हर्दँ यांनी १८६९ मध्ये पॅरिस येथे त्वचेच्या बारीक तुकड्यांचे रोपण केले. टीर्श (१८७४) यांनी पातळ, तर वुल्फ (१८७५) यांनी पूर्ण जाडीची त्वचा वापरली. पॅजेट यांच्या त्वचाकर्तक यंत्रामुळे (१९३९) एकसारख्या जाडीचे मोठे पट्टे मिळू लागले. तथापि रोपित त्वचा आकसते, बालकाच्या वाढीबरोबर पुरेशी वाढत नाही व त्वचा जेथून घेतली तेथेही व्रण उरतो. एका विद्रूपतेच्या जागी दुसरी, असाच हा व्यवहार पुष्कळदा ठरे. मॉरेस्टँ यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास टप्प्याटप्प्याने छेदन करण्याची पद्धत मांडली. लहान क्षेत्रास ती आजही उपयुक्त आहे.

खरा पालट ऊतक-विस्तारणाने झाला. नॉयमान यांनी १९५७ मध्ये कानाच्या पुनर्रचनेसाठी त्वचेखाली रबरी फुगा ठेवला होता. रादोव्हान यांनी १९७० नंतरच्या दशकात सिलिकोनी फुगा प्रचारात आणला. तिळालगतच्या निरोगी त्वचेखाली तो ठेवून काही आठवडे त्यात लवणद्राव भरतात. ताणाने वाढलेली त्वचा मग तीळ काढलेल्या जागी सरकवतात. डोके, चेहरा व धड यांवर ही पद्धत चांगली साधते. हातापायांवर उपद्रव अधिक होतात.

संपूर्ण छेदनाचा आग्रह मुख्यतः कर्करोगाच्या भीतीतून आला. पूर्वी हा धोका १० टक्के वा अधिक मानीत; आता तो सामान्यतः २ ते ५ टक्के धरतात. शिवाय मारक अर्बुद कधीकधी मस्तिष्कावरणातील कोशिकांतूनच उद्भवते व त्यावर त्वचाछेदनाचा काहीच उपाय चालत नाही. त्यामुळे तान्ह्या मुलावर वारंवार भूल व शस्त्रक्रिया लादण्यास हे एकच कारण पुरेसे मानीत नाहीत. मुलाचे रूप, संशयास्पद गाठी व आईवडिलांचे मत यांवरून निर्णय घेतात. निर्णय लांबवावा तर बालत्वचेची लवचिकता ओसरू लागते, ही अडचण मात्र कायम आहे.