महालक्ष्मीचा सुळका आणि शामोनीचे वाटाडे



आल्प्समध्ये स्कीइंगच्या म्हणजे बर्फावरून घसरण्याच्या उतारांना रंग दिलेले असतात. हिरवा नवशिक्यांचा, मग निळा, लाल, आणि काळा पट्टीच्या खेळाडूंचा. फ्रान्समधल्या शामोनी गावात मात्र एक उतार असा आहे की त्याला रंगच नाही. नाव व्हाले ब्लांश. १९५५ साली सुरू झालेल्या रोपवेने ३,७७७ मीटर उंचीवर जायचे आणि तिथून सुमारे २० किलोमीटर हिमनदीवरून खाली यायचे. वाटेत खुणा नाहीत, बर्फाखाली खोल भेगा. म्हणून भले भले तरबेजही गावचा वाटाड्या बरोबर घेतात.

तुम्ही म्हणाल, चिंचणीच्या म्हाताऱ्याला या बर्फाचे काय? सांगतो.

आपल्या डहाणूच्या महालक्ष्मीचा सुळका तुम्ही हायवेवरून पाहिला असेलच. चैत्र पौर्णिमेच्या मध्यरात्री वाघाडीचा पुजारी ध्वज घेऊन तो अवघड कडा अंधारात चढतो आणि पहाटेपर्यंत काम उरकतो. बाकी सगळे खालून हात जोडतात. ध्वज येतो जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून. या घराण्याला १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. १९४८ साली संस्थान विलीन झाले, राज्य गेले, पण ध्वज चढायचा थांबला नाही.

शामोनीलाही आधी असेच गावकरी होते. ८ ऑगस्ट १७८६ रोजी माँ ब्लाँ हे शिखर प्रथम चढले ते जाक बाल्मा आणि मिशेल पाकार. एक डोंगरात स्फटिक शोधणारा, दुसरा गावचा डॉक्टर. पुढे परदेशी हौशी लोक आले आणि गावकरी त्यांचे वाटाडे झाले. १८२० साली हिमकडा कोसळून तीन वाटाडे गेले. त्यानंतर १८२१ मध्ये वाटाड्यांनी आपली संघटना बांधली. पाळीपाळीने काम, नियम, आणि अडीअडचणीसाठी एक फंड. ती संघटना आजही आहे. गावकऱ्याच्या पायातली विद्या अशी कागदावर आली आणि तिला मोल मिळाले.

आपल्याकडे राजांच्या सनावळ्या पुस्तकात सापडतात. कडा चढण्याची विद्या मात्र एका पिढीच्या पायांतून दुसरीच्या पायांत गेली. वाघाडीकरांसाठी तो ना खेळ, ना धंदा. ती सेवा आहे. म्हणूनच गिर्यारोहणाचा इतिहास लिहिताना तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण अंधारात पाय कुठे ठेवायचा हे ज्याला कळते, तो जाणकार नाही तर कोण?

आपल्या तालुक्यातल्या शिक्षकांना एवढेच सांगणे. प्रकल्पासाठी मुलांना कुठे पाठवायचे असेल तर वाघाडीला पाठवा. पूर्वी कोण कोण चढले, कोणी कोणाला शिकवले, ते आदराने विचारून लिहून घ्या. देवाचे म्हणून जे सांगायचे नसेल ते राहू द्या. आणि मुलांना बजावा की विचारायला जायचे, चढायला नाही.