जुने यंत्र आणि नोंदवहीची शिस्त

एखाद्या संस्थेच्या कपाटामागे जुने युनिक्स यंत्र धूळ खात पडलेले असते. बटण दाबले की पडद्यावर अक्षरे उमटतात. पण पुढे काय करावयाचे, ते कोणालाच ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक होते ते केव्हाच निवृत्त झाले. यंत्र शाबूत, पण त्याचे ज्ञान मात्र हरवलेले! विद्यार्थी मित्रांनो, या साध्या गोष्टीत मोठा धडा आहे.

युनिक्स प्रणालीचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्पसन व डेनिस रिची हे तिचे प्रमुख कर्ते. ३ नोव्हेंबर १९७१ रोजी त्यांनी तिची पहिली मार्गदर्शिका काढली. प्रत्येक आज्ञेचे नाव, ती देण्याची रीत, तिचे कार्य, आणि जेथे उणीव असेल तेथे ‘दोष’ असे वेगळे सदर! आपल्या कामातील उणिवा आपणच छापून ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा विरळाच. पुढे ही मार्गदर्शिका यंत्रातच साठवली गेली. ‘मॅन’ आणि आज्ञेचे नाव टाइप केले की ते पान समोर येते.

१९८२ साली अमेरिकेत सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. एका माणसाच्या मेजावर मावणारे समर्थ युनिक्स यंत्र, म्हणजेच वर्कस्टेशन, हे या कंपनीचे वैशिष्ट्य होते.

आपल्या घाटकोपरहून पवईची आय.आय.टी. व जुहू ही दोन्ही ठिकाणे फार दूर नाहीत. जुहू येथे १९८५ साली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एन.सी.एस.टी., सुरू झाले; पुढे ते सी-डॅकमध्ये विलीन झाले. १९८६ साली सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्यात या दोन्ही संस्था होत्या. या जाळ्याची पहिली सेवा होती टपालाची. एक युनिक्स यंत्र साध्या टेलिफोनवरून दुसऱ्याला ‘फोन’ करी आणि साठलेली पत्रे पोचवी. देशातील इंटरनेटची पायाभरणी अशी आपल्या उपनगरांत झाली.

आता नेहमीच्या शंकांकडे वळू. यंत्र बंद करताना थेट प्लग का काढू नये? कारण लिहिलेला मजकूर काही काळ स्मृतीतच असतो, तबकडीवर उतरलेला नसतो. म्हणून आधी बंद करण्याची आज्ञा द्यावी, मगच वीज तोडावी. सनच्या अनेक जुन्या यंत्रांना स्वतःची ओळख का आठवत नाही? त्यांचे घड्याळ आणि जाळ्यातील पत्ता एका चिपमध्ये असतो. तिच्या पोटातील छोटी बॅटरी काही वर्षांनी संपली की दोन्ही पुसले जातात. यंत्र धडधाकट असतानाच पडद्यावर दिसणारा तो पत्ता कागदावर उतरवून ठेवावा. आणि २०३८ चे काय? जुने युनिक्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते. तो आकडा मावण्याची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल. त्यानंतर जुनी बत्तीस बिटांची घड्याळे चुकतील.

पालकबंधू-भगिनींनो, नवे महागडे यंत्र प्रत्येक घरी येईलच असे नाही. पण युनिक्सच्याच धर्तीवर १९९१ साली सुरू झालेले लिनक्स विनामूल्य मिळते आणि जुन्या संगणकावरही चालते. तेव्हा अडचण केवळ पैशांची नाही, सवयीचीही आहे. आपल्या धर्मात पहिला आदेश वाचनाचा आला आणि त्याच ठिकाणी कलमाचाही उल्लेख आला. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मींनी हिशेबाच्या रीती पायरीपायरीने लिहून ठेवल्या. ‘अल्गोरिदम’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. ते नुसते तोंडी सांगून गेले असते तर?

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने एक नोंदवही ठेवावी. काय केले, काय चुकले, कसे दुरुस्त झाले, हे तारखेसह लिहावे. आणि ‘दोष’ हे सदर कोरे सोडू नये. बॅटरी संपते, माणसेही जातात. पण लिहून ठेवलेले पुढच्या मुलाच्या हाती लागते.