स्लगिंग
अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन आणि लगतची व्हर्जिनियातील उपनगरे यांदरम्यान अनेक नोकरदार अनोळखी व्यक्तीच्या मोटारीतून विनामूल्य प्रवास करतात. या प्रथेस ‘स्लगिंग’ म्हणतात. तिचा उगम १९७० च्या दशकात शर्ली महामार्गावर झाला. तेथील राखीव मार्गिकेत शिरण्यासाठी मोटारीत प्रारंभी किमान चार, पुढे तीन माणसे असणे बंधनकारक होते. चालकास माणसे हवीत, माणसांस वाहन; एवढ्या गरजेपोटी, कोणत्याही सरकारी योजनेविना, ठरावीक ठिकाणी रांगा लागू लागल्या. ‘स्लग’ म्हणजे खोटे नाणे. थांब्यावर उभे राहूनही बसमध्ये न चढणाऱ्या ‘खोट्या’ प्रवाशांना बसचालकांनी हे नाव दिले, असे सांगितले जाते.

संकेत अलिखित, पण काटेकोर आहेत. पैशांची देवघेव नाही. चालक बोलल्याखेरीज प्रवाशाने संभाषण काढायचे नाही. गप्पांची हौस असणाऱ्यास हे जडच जावे. रांगेत एकट्या स्त्रीला मागे ठेवून मोटार निघत नाही. यांतला हा शेवटचा संकेत सर्वांत मोलाचा, कारण नाव-गाव न विचारता परक्याच्या मोटारीत बसण्याचा विश्वास त्यावर पेलला आहे.

२०१९ पासून या मार्गिकेवर टोल आहे. तिघांच्या मोटारीस मात्र तो माफ आहे. कोविडकाळात कार्यालये घरी आली आणि रांगा ओसरल्या.