एस्पेरांतो

आंतरराष्ट्रीय संपर्कासाठी रचलेल्या भाषांपैकी सर्वाधिक रुजलेली भाषा. नेत्रवैद्य लुडविक झामेनहॉफ (१८५९–१९१७) यांनी २६ जुलै १८८७ रोजी वॉर्सा येथे तिची पहिली पुस्तिका ‘डॉक्टर एस्पेरांतो’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली. तीत १६ नियम आणि सुमारे ९०० शब्दमुळे होती.

झामेनहॉफ यांचे बालपण रशियन साम्राज्यातील बियाविस्तोक शहरात गेले. तेथे यिद्दिश, पोलिश, रशियन आणि जर्मन बोलणारे समाज शेजारी राहत, पण त्यांच्यात वैर होते. मातृभाषा न सोडता प्रत्येकाने जोडीला एक अशी भाषा शिकावी, जी कोणत्याही एका समाजाच्या मालकीची नसेल, हा विचार त्यांच्या मनात तेथेच आला.

व्याकरण नियमबद्ध आहे. नामाच्या शेवटी ‘ओ’ येतो, विशेषणाच्या शेवटी ‘आ’. नामांना मराठीसारखी तीन लिंगे नाहीत. ‘साना’ म्हणजे निरोगी, ‘मालसाना’ आजारी, ‘मालसानुलो’ रुग्ण आणि ‘मालसानुलेयो’ रुग्णालय. एका मुळातून असे शब्द घडत जातात. मात्र बहुतेक मुळे युरोपीय आहेत, आणि तटस्थतेच्या दाव्यावरचा हा आक्षेप रास्तच आहे.

पहिले जागतिक संमेलन १९०५ मध्ये फ्रान्समधील बूलोन्य-स्युर-मेर येथे भरले. १९०८ मध्ये विश्व एस्पेरांतो संघ स्थापन झाला. हिटलर आणि स्टॅलिन या दोघांच्याही राजवटींत एस्पेरांतोवाद्यांचा छळ झाला. झामेनहॉफ यांची तिन्ही मुले नाझींच्या हत्याकांडाला बळी पडली. १९५४ मध्ये युनेस्कोने माँतेव्हिदेओ येथील ठरावात या भाषेच्या कार्याची दखल घेतली.

महाराष्ट्राशी तिचा धागा जुळतो तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून. याच संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावात १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आणली. तेथील घरे, धान्य, दफने सापडली; लिखित पुरावा नसल्याने त्या लोकांची भाषा मात्र अज्ञातच राहिली. जिची जन्मतारीखसुद्धा नोंदलेली आहे, त्या एस्पेरांतोचे जाणकार प्रबाल दासगुप्ता १९८० च्या दशकात याच संस्थेत भाषाविज्ञान शिकवत होते. बंगाली मातृभाषा असलेले दासगुप्ता २००७ ते २०१३ विश्व एस्पेरांतो संघाचे अध्यक्ष होते आणि २०१६ मध्ये एस्पेरांतो अकादमीचे अध्यक्ष झाले. बंगाली साहित्याचे त्यांनी एस्पेरांतोत अनुवादही केले आहेत.

आज ती कोणत्याही देशाची राजभाषा नाही. तरीही तिच्यात स्वतंत्र साहित्य लिहिले जाते, काही कुटुंबांत मुले ती जन्मापासून बोलतात आणि तिच्या विकिपीडियात तीन लाखांहून अधिक लेख आहेत.