एका अळंब्याचें गोत्र

अळंबें म्हटलें कीं पावसाळ्यांत उगवणारी पांढरी छत्री डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु छत्रीशीं कांहीं एक साम्य नसलेलीं अळंबींहि पुष्कळ आहेत. अमेरिकेंतील टेक्सस राज्यांत सिडर एल्म वृक्षाच्या मेलेल्या खोडांपाशीं, क्वचित् कोठें तरी, चिरुटासारखी लांबट, गडद तपकिरी कुपी जमिनींतून वर येते. ती पक्व झाली म्हणजे वरून उकलते आणि तिच्या जाड पाकळ्या पसरून ताऱ्याचा आकार दिसूं लागतो. उकलतांना बीजकणांचा धूर उडतो आणि बारीकसा फुसकारा ऐकूं येतो.

१८९३ सालीं ल्युशियन अंडरवुड या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं ऑस्टिन येथें हें अळंबें गोळा केलें, व ओळख पटवून घेण्यासाठीं तें चार्ल्स पेक यांजकडे धाडलें. पेक यांनीं त्याच वर्षीं त्यास ‘अर्न्युला जीॲस्टर’ असें नांव दिलें. शास्त्रीय नांवाचा पहिला शब्द गोत्र सांगतो, दुसरा त्या गोत्रांतील जाति. अर्न्युला हें पेल्याच्या आकाराच्या अळंब्यांचें गोत्र. हा नवा पाहुणा त्यांत बसतो कीं नाहीं, याविषयीं पेक स्वतःच साशंक होते.

ती शंका एल्सी कुफर या विद्यार्थिनीनें हातीं घेतली. बाहेरचा आकार बाजूस ठेवून कुफर यांनीं बीजकण धारण करणाऱ्या आंतील थराची रचना सूक्ष्मदर्शकानें तपासली आणि अर्न्युला व इतर सदृश अळंब्यांशीं ती ताडून पाहिली. भेद इतका मोठा निघाला कीं १९०२ सालीं त्यांनीं या अळंब्यासाठीं ‘कोरिओॲक्टिस’ हें स्वतंत्र गोत्र सुचविलें. जाणत्यांना तें पटलें नाहीं. १९१० सालीं हील्ड व वुल्फ यांनीं, आणि पुढें सीव्हर यांनीं, त्यास विरोध केला. अखेर १९६८ सालीं, म्हणजे ६६ वर्षांनीं, फिन-एगिल एकब्लाद यांच्या विस्तृत ग्रंथानें तें गोत्र कायम झालें.

दरम्यान १९३७ सालीं हेंच अळंबें जपानच्या क्यूशू बेटावर आढळलें होतें. तेथें तें मेलेल्या ओक वृक्षावर उगवतें. मध्यें सारा पॅसिफिक महासागर! अलीकडे मनुष्यानेंच तें पलीकडे नेलें असेल, असें कोणासहि वाटावें. परंतु २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दोन्ही देशांतील नमुन्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करण्यांत आली, आणि या दोन शाखा किमान १ कोटि ९० लक्ष वर्षांपूर्वीं विलग झाल्या असाव्यात असें अनुमान निघालें. २००८ सालीं या गोत्राच्या नांवानें एक स्वतंत्र कुलहि मानण्यांत आलें.

आकारानें अशी दोनदां फसगत केली. टेक्ससांत त्यानें परक्यास सगोत्र ठरविलें. जपानांत कोट्यवधि वर्षांची ताटातूट झांकून ठेवली. म्हणूनच दुर्मिळ अळंबें हातीं आलें असतां त्यास नांव देऊन काम संपत नाहीं. नमुना जपून ठेवावा लागतो; कारण एका पिढीस जो प्रश्न सुचलाहि नसेल, त्याचें उत्तर पुढची पिढी त्याच वाळलेल्या तुकड्यांत शोधते.