फॅक्सने मोडलेला बँड

भांडून वेगळी झालेली माणसं परत एकत्र येतात तरी कशी? हा विषय निघाला की मला पिक्सीज आठवतात.

१९८६ साली बॉस्टनमध्ये जमलेला हा चौघांचा बँड. ब्लॅक फ्रान्सिस, जोई सँटियागो, किम डील आणि डेव्हिड लव्हरिंग. हळू आवाजात गाता गाता एकदम दणका, ही त्यांची खासियत. आपण त्यांचीच नक्कल करत होतो, असं खुद्द कर्ट कोबेनने कबूल केलंय. पण १९९३ मध्ये फ्रान्सिसने बँड संपल्याचं रेडिओवरच जाहीर केलं. सँटियागोला फोन, आणि उरलेल्या दोघांना चक्क फॅक्स! लव्हरिंग पुढे जादूचे प्रयोग करू लागला.

२००४ मध्ये चौघं परत आले. पैसा हेही एक कारण होतं, ते त्यांनी लपवलं नाही. १ मेला कोचेलाच्या महोत्सवात अफाट गर्दीपुढे वाजवायचं होतं. पण त्याआधी १३ एप्रिलला ते मिनियापोलिसच्या 'फाइन लाइन' या छोट्या क्लबात वाजवायला उभे राहिले, मग कॅनडात विनिपेगसारख्या शहरांत.

मला हे फार शहाणपणाचं वाटतं. आपल्याकडे अबोला धरलेले भाऊ थेट कुणाच्या तरी लग्नात समोरासमोर येतात. शेकडो डोळ्यांदेखत बोलणार काय? त्यापेक्षा आधी घरी चहाला भेटावं.

सगळं मिटलं असं नाही. २०१३ मध्ये किम डील बँड सोडून गेलीच. पण मधली नऊ वर्षं तर मिळाली!