केडगाव, जानेवारी १९०५

केडगाव स्टेशनावर पहाटेच्या अंधारात गाडी थांबते आणि उतरणारे तुम्ही एकटेच असता. पुण्याहून दौंडकडे जाणारी ही जी.आय.पी. रेल्वेची गाडी शिटी देऊन निघून जाते. मागे राहतो तो नुसता गारठा. साल १९०५. जानेवारी नुकताच लागलाय. यंदा एक तारीख रविवारी आली, म्हणजे वर्षाचं दार उघडलं तेच उपासनेनं. शाल आवळून घ्या, इकडची हिवाळ्यातली पहाट कोरडी आणि बोचरी असते. रस्ता विचारायला आता कुणी भेटणार नाही. जात्यांची घरघर जिकडून येते तिकडे चालत राहा.

हेच पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. इथं दीड हजारांच्या आसपास मुली-बायका राहतात आणि त्यांच्या भाकरीचं पीठ रोज दळावं लागतं. तुम्ही दाराशी घुटमळताय हे एका मुलीच्या लक्षात येतं. पाहुण्यांचं तिला नवल नाही. जात्याच्या पलीकडची जागा दाखवून ती म्हणते, "बसा ना. दोघांनी ओढलं की लवकर उरकतं."

तुम्ही खुंटा धरता. ती डाव्या हातानं मूठभर दाणे वैरते, उजवा हात थांबत नाही. पीठ पाळीवरून खाली सांडतं, ऊन, थोडं भरड. तिची मनगटं बारीक आहेत, पण ओढ अशी की तुमचाच हात तिच्या मागे फरफटतो. १८९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी ज्या मुली आणल्या त्यांतली ही एक. तेव्हा तिचं वय किती होतं हे नक्की सांगणारं घरचं कुणी उरलंच नव्हतं. शेजारच्या जात्यावर बसलेली गुजरातेतली, ती १९००च्या दुष्काळानंतर आली. दोघी मराठीत बोलतात, आपापल्या हेलात.

उपासमारीनं माणूस कसं मरतं हे रमाबाईंना कुणी सांगायला नको. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत एकामागोमाग गेली. पुढे भाऊ श्रीनिवास गेला. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, १८८२ साली, पती बिपिनबिहारी मेधावी पटकीनं गेले आणि कडेवर मुलगी मनोरमा उरली. म्हणूनच दुष्काळाची बातमी कानावर येताच ही बाई स्वतः उठून मध्य प्रांतात गेली आणि मुलींना घेऊन आली. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, तेव्हा त्यांना या माळावर आणून ठेवलं. हे मिशन उभं राहिलं ते असं, गरजेच्या रेट्यानं.

घंटा होते. दळण बाजूला सारून मुली पदर झटकत उठतात. तुम्हीही त्यांच्यामागून जाता आणि जमिनीवर बसलेल्या रांगांच्या शेवटी मांडी घालता.

समोर रमाबाई उभ्या आहेत. वय शेहेचाळीस. पांढरं सुती लुगडं, बारीक कापलेले केस. ऐकू कमी येतं, त्यामुळे त्या समोरच्याच्या चेहऱ्याकडे रोखून पाहतात. तुमच्याकडे पाहिलं तर तुम्हाला वाटेल, आपल्याला काही लपवता येणार नाही. आवाज मात्र शिक्षिकेचा, चढ-उतार फारसा नाही. कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या त्या हिलाच का, असं वाटावं इतकी साधी बोलण्याची रीत.

जगात काय चाललंय ते त्या मुलींना सांगतात. ऑस्ट्रेलियात लोकांची मनं जागी झाल्याचं ऐकून त्यांनी १९०३ साली मनोरमाबाईंना आणि इथल्या अमेरिकन सहकारी मिनी अ‍ॅब्रम्स यांना तिकडे पाठवलं होतं. आता वेल्समधून बातम्या येताहेत. तिथल्या गावांत इव्हान रॉबर्ट्स नावाच्या तरुणाच्या सभांना लोक लोटताहेत. हा तरुण पूर्वी कोळशाच्या खाणीत काम करत होता. आपल्याकडे असं संजीवन यावं म्हणून रोज एकत्र येऊन प्रार्थना करायला कोण तयार आहे, असं त्या विचारतात.

विचारणं इतकंच. यात गाणी नाहीत, भावना उचंबळून आणणं नाही. नवं वर्ष आहे, तेव्हा काहीतरी ठरवून टाका, असंही नाही.

थोडा वेळ कुणी हलत नाही. मग एक उठते, मागून दोघी. मघाची तुमची जात्यावरची सोबतीण उठते, हातावरचं पीठ अजून पुरतं गेलेलं नाही. होता होता सत्तर जणी पुढे येतात. दीड हजारांत सत्तर! तुम्हाला हा आकडा लहान वाटला ना? तो लहानच आहे. तुमचे स्वतःचेही पाय जागचे हललेले नाहीत, आणि त्यात नवल नाही. 'रोज' हा शब्द जड असतो. एका रात्रीसाठी आपण सगळेच उभे राहतो.

इथून लगेच परतू नका. मुक्तीच्या गोष्टी सांगणारे बहुतेक जण जानेवारीतून थेट जूनमध्ये उडी मारतात. मला मधले महिने महत्त्वाचे वाटतात. फेब्रुवारीत या. मार्चमध्ये या, माळ तापायला लागलेला असताना. एप्रिलमध्ये या. दर वेळी तुम्हाला तेच दिसेल: दळण, धुणं, शेत, गाईंचं शेण काढणं, माग, शाळा, छापखाना, आणि या सगळ्यातून सवड काढून एकत्र बसलेल्या मुली. कुणाला डुलकी लागलीय. कुणाचं मन कालच्या भांडणात अडकलंय, ज्या मुलीशी भांडली तीच शेजारी गुडघे टेकून आहे. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नाही. पण एक गोष्ट हळूहळू होतेय. सत्तरांत आणखी मुली येऊन मिळताहेत. जून येईपर्यंत रोज दोन वेळा जमणाऱ्यांची संख्या ५५० होते. संजीवनाची मागणी अशी एकीकडून दुसरीकडे गेली, जबरदस्तीशिवाय.

या मुलींना वाट पाहायला शिकवणारी बाई स्वतः वाट पाहून आली होती, हे विसरू नका. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ला इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला. त्यासाठी त्यांनी आपल्या माणसांचा रोष पत्करला, महाराष्ट्रानं पुढे किती काळ तो धरून ठेवला ते आपण जाणतोच. एवढं करूनही, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, अशी जाणीव त्यांना पुढे झाली. १८९१च्या सुमारास तो त्यांना भेटला, आपल्या विद्वत्तेनं किंवा सत्कर्मांनी काही साधत नाही हे मान्य केल्यावर. मधल्या आठ वर्षांत त्यांनी काय नाही केलं? पुस्तक लिहिलं, अमेरिका पालथी घातली, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. चांगली कामं भरपूर होती, आणि आत काहीतरी कोरडं होतं. स्वतःच्या साक्षीत त्यांनी हे उघडपणे लिहून ठेवलं. देवळाच्या पहिल्या बाकावर वर्षानुवर्षं बसणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या कबुलीचा फार आधार आहे.

आता जूनमध्ये चला. २९ जूनला उजाडण्याआधी, साडेतीनच्या सुमारास, मुलींच्या झोपायच्या खोलीत एक तरुणी आत्म्यानं भरून प्रार्थना करू लागली. शेजारच्या मुलीला ती आगीनं वेढल्यासारखी दिसली आणि ती पाण्याची बादली आणायला धावली, असं त्या वेळच्या वृत्तांतात आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई नेहमीच्या शांतपणे योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून देत होत्या. अचानक सगळ्या मुली एकदम मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या आणि बाईंना बोलणं थांबवावं लागलं.

तुम्ही तिथं असता तर गोंधळून गेला असता. पाहुण्यांपैकी काही जण गोंधळलेही. रमाबाईंनी मात्र मुलींना अडवलं नाही. रडणं असो की टाळ्या, भारतातल्या बायकांनी आपल्या रीतीनं देवाला हाक मारावी, पाश्चात्त्य शिस्तीचा साचा त्यांच्यावर बसवू नये, या मताला त्या ठाम राहिल्या. माझ्या मते त्यांच्या धैर्याच्या गोष्टींत ही अगदी वरची आहे.

पण आवाजापेक्षा त्यानंतरचं पाहा. मुली आपली पापं नावानिशी कबूल करू लागल्या. खोटं बोललेलं, चोरलेलं, मनात धरलेलं. एक जण दुसरीसमोर उभी राहून काही बोलते, मान खाली घालून, आणि दुसरी तिचे हात हातात घेते. एवढंच तुम्हाला लांबून दिसतं. दाविदानं एक्कावन्नाव्या स्तोत्रात शुद्ध हृदय मागितलं ते असंच, आधी स्वतःचं पाप कबूल करून. यहेज्केलाच्या पुस्तकात दगडी काळीज काढून मांसाचं देण्याचं अभिवचन आहे. मांसाच्या काळजाला दुसऱ्याचं दुखणं लागतं. म्हणूनच या मुली पुढे गटागटानं आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला गेल्या. कालपर्यंत ज्यांना कुणी दारात उभं केलं नसतं, त्या लोकांच्या दारी शुभ बातमी घेऊन उभ्या राहिल्या. मिनी अ‍ॅब्रम्स यांनी १९०६ साली यावर पुस्तिका लिहिली. ती चिलीतल्या एका मैत्रिणीकडे पोहोचली आणि तिथल्या १९०९च्या जागृतीला तिचा हातभार लागला.

रमाबाईंनी याच काळात आणखी एक काम हातात घेतलं होतं: खेड्यातल्या बाईला वाचून कळेल अशा मराठीत सबंध बायबल, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. त्यासाठी त्या उतारवयात या भाषांना भिडल्या. १९२१ साली मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या स्वतः गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून ते बाहेर पडलं. नवं झालेलं हृदय इतकी वर्षं एका टेबलाशी बसून शब्द तपासू शकतं.

आता आपल्या वर्षात परत या. तुमच्या मंडळीत ३१ डिसेंबरला वॉचनाइटची भक्ती असेल. बाराच्या ठोक्याला सगळे एकमेकांना मिठ्या मारतील, कुठं कुठं वर्षासाठी वचनाची चिठ्ठी उचलली जाईल. हे सगळं मनापासून करा, ते चांगलं आहे. सरलेलं वर्ष तुम्हाला जड गेलं असेल, घरात एखादी जागा रिकामी झाली असेल, प्रार्थनेला बसलं तरी शब्द सुचत नसतील, तर तसेच या. मुक्तीतल्या ज्या मुली पुढे आल्या त्यांच्याजवळही जमेला दाखवण्यासारखं काही नव्हतं. देवानं त्यांना परत पाठवलं नाही, तुम्हालाही पाठवणार नाही.

फक्त एक करा. त्या रात्री घरी जाण्याआधी दोघा-तिघांना गाठा आणि रोज कुठं, किती वाजता एकत्र प्रार्थना करायची ते ठरवून टाका. ज्याच्याशी तुमचं बोलणं बंद आहे तो त्यांच्यात असला तर फारच उत्तम. आणि मार्चमध्ये, काहीच घडत नाहीसं वाटेल तेव्हा, सोडू नका.